सरकीघराची भिंत

आसेगव्हाणच्या जुन्या जिनाच्या आवारात आता जीन उरलेले नाही. कापसातून सरकी काढणारे रेचे भंगारात गेले, चिमणी एका वादळात आडवी झाली आणि अर्ध्या आवारात भाजीबाजार भरतो. राहिली आहे ती एकच इमारत, काळ्या दगडाच्या जोत्यावरची, विटांची, लांबलचक. तिला सगळे सरकीघर म्हणतात. सफाई कामगारांची युनियन तिथे बसते, धुणीभांडी करणाऱ्या बायांची सोमवारची बैठक तिथेच होते, अंगणवाडीच्या ताईंचा मोर्चा निघतो तोही तिथूनच. ज्याला कुठेच दाद मिळत नाही तो माणूस शेवटी सरकीघराची पायरी चढतो.

नव्या माणसाला आत शिरताना दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे दाराला कवाडेच नाहीत. चौकट आहे, गंजलेल्या बिजागऱ्या आहेत, पण कवाडे आत जमिनीवर आडवी टाकली आहेत. सभेत ज्याला बोलायचे त्याने चपला काढून त्या कवाडांवर उभे राहायचे. दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरेची भिंत. ती मध्यावर आतल्या बाजूला फुगली आहे, दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटासारखी. खाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तेलकट काळ्या डागांची एक रांग आहे. सरकारी इंजिनियर दर दोन वर्षांनी येतो, भिंत धोकादायक म्हणून लिहून देतो आणि चहा पिऊन जातो.

पाहुण्यांना हकिकत सांगण्याचा मान भामाबाईचा. नगरपालिकेत अडतीस वर्षे झाडू मारून ती निवृत्त झाली. ती बसून सांगत नाही आणि कुणाला बसू देत नाही. भिंतीला टेकू तर मुळीच देत नाही. कुणी टेकलेच, मग तो पत्रकार असो की प्राध्यापक, ती चारचौघांत खडसावते, "सरका तिथून. ते डाग पाह्यले का? त्या बी अशाच टेकल्या होत्या."

सव्वाशे वर्षे झाली की शंभर, याबद्दल गावात एकमत नाही. तेव्हा हे युनियनचे घर नव्हते, जिनाचे गोदाम होते. मधोमध विटांची भिंत, तीच ही. भिंतीच्या उत्तरेला सरकीची गंजी असे आणि दक्षिणेचा भाग, जिथे आज सभा भरते, तो हंगामात सरकी काढलेल्या रुईच्या गाठींसाठी रिकामा ठेवत.

जिनात कौतिका नावाची एक बाई होती. वय चाळिशीचे, विधवा. तिचे काम जगावेगळे होते. सरकी दिसायला निरुपद्रवी, पण ओल धरली की ती आतल्या आत तापते आणि फुगते. वरून हात फिरवला तर गार लागते, पोटात मात्र तिचा ताप चढत असतो. म्हणून रोज सकाळी कौतिका गंजीवर चढे, उजवा हात खांद्यापर्यंत आत खुपसे आणि डोळे मिटून पडून राही. मग सांगे, "आज राहू द्या," किंवा, "आताच पालटा." पालटा म्हणाली की दहा बाया फावडी घेऊन गंजी वरखाली करत. तिचा हात कधी चुकला नाही, असे सांगतात. त्या हातावर कोपरापर्यंत लव उरली नव्हती आणि कितीही धुतला तरी त्याला तेलाचा वास येई.

पंचफुला ही कौतिकाची धाकटी बहीण. आई प्लेगात गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती. कौतिकाने तिला कडेवर घेऊन वाढवले, तोंडचा घास काढून दिला, आणि पंचफुला मोठी झाली ती अशी, की जिनातल्या बाया मुकादमाला विचारण्याआधी तिला विचारू लागल्या. कौतिकाला तिचा अभिमान वाटे आणि धास्तीही. या पोरीला एकदा राग आला की ऐकू येत नाही, हे तिच्याइतके कुणालाच माहीत नव्हते.

त्या काळी जिनात बाया रेच्यावर बसल्या की दाराला बाहेरून कडी लागे. मधेच उठून जातात, ही शेठची तक्रार. त्या मार्गशीर्षात पुतळा नावाची एक पोटुशी बाई रेच्यावर बसल्या बसल्या कळा येऊन कोसळली. बायांनी दार बडवले. किल्ली मुकादमाजवळ होती आणि मुकादम जेवायला गेला होता. तो बोटे चाटत परत आला तोवर पुतळाही गेली होती आणि तिचे मूलही.

पंचफुलाने एकच मागणे मागितले. जिनाची कडी काढा. शेठने ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि तो परगावी निघून गेला.

मग पौषातल्या एका सकाळी भोंगा वाजला तेव्हा सत्तर-ऐंशी बाया जिनात शिरल्याच नाहीत. कडेवरच्या पोरांसकट त्या या गोदामाच्या रिकाम्या भागात आल्या, कवाडे ओढून घेतली आणि आतून लाकडी अडसर घातला. अडसरावर हात ठेवून पंचफुलाने सगळ्यांकडून शपथ घेतली, "जिनाची कडी निघाल्याबिगर हा अडसर निंघनार नाही." गाठी भरायला जागा नसली की जीन बंद पडते, हे तिने ओळखले होते. डाव बिनतोड होता. पण शपथ म्हणून घातलेली गोष्टही शेवटी बंद दारच होते, आणि हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

कौतिकाही जायचीच होती. आदल्या दिवशी बहिणीला तसा शब्द दिला होता. पण भोंगा वाजला तेव्हा तिचा हात गंजीत होता, आणि डाव्या अंगाला, भिंतीलगत, तिला जराशी ऊब लागली. एवढीशीच, तान्ह्या पोराच्या तळव्याइतकी. दुसरे कुणी हात काढून घेऊन पळाले असते. तिला राहवेना. ऊब किती खोल आहे ते बघू आणि जाऊ, असे म्हणत ती वीतभर आत सरकली, आणखी वीतभर. ती खाली उतरून वळसा घालून दाराशी आली, तोवर अडसर पडला होता.

तिने दार वाजवले. आतून पंचफुलाने विचारले, "कोन हाय?"

"मी हाय व, कौतिका."

"आमी आत आलो तव्हा तू कुठं होती?"

"माहा हात सरकीत होता."

आत हशा पिकला. मग पंचफुलाचा आवाज आला, थंडगार. "मंग सरकीपाशीच राय."

पुढचे दिवस कौतिकाने त्या दारासमोरच काढले, असे सांगतात. गावातल्या बाया भाकरी आणत. वरच्या झरोक्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली येई, भरून वर जाई. कौतिकाही भाकरी ठेवी. टोपली परत येई तेव्हा तिची भाकर तशीच तळाशी असे. ही शेठची माणूस, असे आतल्या बायांनी ठरवून टाकले होते, आणि पंचफुलाने त्यांना अडवले नाही. कौतिकाने ती भाकर स्वतःही खाल्ली नाही म्हणे. जोत्यावर ठेवून द्यायची.

तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. वाऱ्याने उत्तरेकडचे दोन पत्रे उचलले आणि पाणी थेट गंजीवर पडले. कौतिका मुकादमाकडे धावली. आताच्या आता गंजी पालटली पाहिजे, माणसे द्या म्हणाली. मुकादम हसला. पालटणाऱ्या बाया आत बसल्या आहेत, त्यांनाच बोलाव, म्हणाला. मग पांघरूण ओढून घेत पुढे म्हणाला, "दोन दिस थांब. थंडीनं गारठून येतीन बाहीर." हेच तो मग दाराशी येऊन आतल्या बायांनाही ओरडून सांगून गेला.

थंडी तशी होतीच. पहाटे तोंडातून वाफ निघे. आत बाया पोरांना पोटाशी धरून कुडकुडत होत्या. आणि पाचव्या दिवशी एक नवल झाले. उत्तरेची भिंत ऊबदार लागू लागली.

आत काय झाले ते मागाहून बायांनीच सांगितले. पहिल्यांदा एका पोराच्या ध्यानात आले. ते भिंतीला गाल लावून झोपले होते आणि उठेचना. मग एकेक बाई सरकत गेली, पाठ टेकून बसली, आणि जिवात जीव आला. कुणीतरी म्हणाले, पुतळा आली. तिच्यासाठी आपण इथे बसलो हे तिला कळले, आपल्या पाठी शेकायला ती आली. कुणालाच शंका आली नाही. बायांनी भिंतीला कुंकू लावले, पोरांना भिंतीकडच्या रांगेत निजवले आणि पुतळेच्या नावाने ओव्या म्हटल्या. सरकी तापते हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होते. दर हंगामात त्यांनीच ती पालटली होती. पण थंडीने अंग गोठलेल्या माणसाला पाठीची ऊब कुठून येते हे विचारावेसे वाटत नाही.

बाहेर जोत्यावर बसून कौतिकाने त्या ओव्या ऐकल्या. पुतळामाय भिंतीतून शेक देते, हे शब्द कानी पडले. ती उठून गंजीवर चढली. हात कोपरापर्यंतच गेला. त्यापुढे सोसेना. काढला तर मनगटावर फोड आले होते. आतून करपलेल्या तेलाचा वास येत होता. तिने भिंतीला कान लावला. विटा करकरत होत्या. पलीकडून तिला पोरांचे हसणे ऐकू आले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती दाराशी जाऊन हाका मारत राहिली. आतून ओव्याच ऐकू येत. सातव्या दिवशी दुपारी ती गोदामाच्या कोपऱ्याशी गेली, तर मधली भिंत बाहेरच्या भिंतीपासून सुटली होती. फटीत तिचे बोट शिरले. तिने परत येऊन दार वाजवले, तीनदा, दोन्ही मुठींनी.

"पंचे, दार नको उघडू. माहं तोंड नको पाहू. फक्त त्या भितीपासून उठा. लेकराईले घेऊन इकडं दाराकडं सरका. येवढंच आईक माहं."

 आत सोनकाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली म्हणे, "कौतिका लबाड बोलनारी नोहे." पण पंचफुला दाराशी आली आणि कवाडाला तोंड लावून म्हणाली, "मुकादम म्हने, गारठून येतीन बाहीर. आन आज तू म्हनतं, ऊन भितीपासून उठा. दोघाईचं बोलनं एकच झालं. ज्या हातानं शेठची सरकी राखली, त्या हातानं आमचं दार वाजवू नको."

कौतिकाने दारावरचा हात काढून घेतला. त्यानंतर तिने दार वाजवले नाही.

गंजीच्या भागाला बाहेरून एक दार होते, आडव्या फळ्यांचे. सरकी काढायची तर वरची फळी आधी काढतात, मग तिच्या खालची. खालची फळी आधी काढायची नाही, हे जिनात आलेल्या पोरीलाही पहिल्या दिवशी सांगत, कारण तशी काढली तर गंजी समोर उभ्या असलेल्याच्या अंगावर येते. पण वरच्या फळ्या फुगून जाम बसल्या होत्या, आणि सगळा रेटा खाली होता, त्या भिंतीच्या पोटाशी. कौतिका लोहाराच्या खोपीतून घण घेऊन आली आणि खालच्या फळीसमोर उभी राहिली. मुकादम आडवा आला, माल उघड्यावर पडेल, शेठला मी काय सांगू म्हणाला. मग त्याने तिच्या हातावरचे फोड पाहिले, फळ्यांच्या फटीतून निघणारी वाफ पाहिली, आणि तो आवाराबाहेर पळत सुटला. त्याच्याकडून निदान एवढी हकिकत तरी गावाला मिळाली.

घणाचा पहिला ठोका पडला तेव्हा आतल्या बायांना वाटले, मुकादम भिंत फोडतो आहे. त्या उठल्या नाहीत. उलट पाय रोवून, पाठी लावून, सगळ्या जणी भिंतीला रेटून बसल्या. तेल लावलेली सत्तर-ऐंशी डोकी त्या विटांवर दाबली गेली. डाग तेव्हाचे आहेत, असे सांगतात. दुसरा ठोका पडला आणि त्यांच्या पाठीमागे भिंत हलली. फुगली ती तेव्हाच. तिसऱ्या ठोक्याला, गाडीभर खडी एकदम रिचवावी तसा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. करकर थांबली. भिंत होती तिथे उभी राहिली.

बायांनी जयजयकार केला. पुतळेने राखले म्हणाल्या. दिवस कलेपर्यंत भिंत निवत गेली. एक बाई रडू लागली, पुतळामाय आपल्यावर रुसून गेली म्हणून. तेव्हा सोनकाबाई पंचफुलाकडे बघून म्हणाली, "पुतळा कायची जाते? मले सांग, तुया बहिनीचा आवाज काहून येत नाही?"

पंचफुलाने भिंतीवर तळहात ठेवला. भिंत थंड होत होती. तिने हात काढला, चालत दाराशी गेली आणि शपथेचा अडसर स्वतःच्या हाताने उचलून फेकून दिला.

उत्तरेच्या अंगणात कौतिका कुठेच नव्हती; गंजी पसरली होती आणि मावळतीच्या उन्हात तिच्यातून वाफा निघत होत्या. बायांनी फावडी घेतली नाहीत, कुठे लागेल या भीतीने. हातांनीच उकरू लागल्या. हात भाजत होते. शेवटी पंचफुलालाच सापडला, उजवा हात, वर केलेला, बोटे उघडी. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि ती किंचाळली, "जित्ती हाय! हात ऊन हाय! माही बाय जित्ती हाय!" सगळ्या तुटून पडल्या, खांदा मोकळा केला, तोंड मोकळे केले.

ती ऊब सरकीची होती. कौतिकाला जाऊन बराच वेळ झाला होता. पंचफुलाने हात सोडला नाही. तो थंड होईपर्यंत धरून बसली आणि थंड झाल्यावरही कुणाला घेऊ देईना. जोत्यावर सात दिवसांच्या भाकरी ओळीने वाळत पडल्या होत्या. त्या कुणी ठेवल्या हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाने त्याच घणाने जिनाची कडी तोडली. तिला अडवायला कुणी पुढे झाले नाही. शेठ परत आला, त्याने गोदाम पुन्हा भरायचा प्रयत्न केला, पण तिथे ठेवलेली सरकी कोरडी असली तरी तापे, असे सांगतात. त्याने गोदाम बायांना देऊन टाकले. दिले की सोडून पळाला, यावर मात्र गावात दोन तट आहेत. पंचफुलाने कवाडे उखडून जमिनीवर टाकली आणि सांगितले, की या घराला पुन्हा दार लावायचे नाही, आणि आतल्यांनी आपसात काही ठरवण्याआधी त्या भिंतीला हात लावून बघायचा. ती म्हातारी होईपर्यंत प्रत्येक सभेला तो हात तिचाच असे. ती भिंतीशी काही बोले, पण काय ते कुणी ऐकले नाही.

इतके सांगून झाले की भामाबाई दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ती तिच्या डोळ्यांदेखतची आहे, म्हणून तिथे 'म्हणे' नाही. कायम सफाई कामगारांची सभा होती. ठेक्यावरच्या बायांना बोलावले नव्हते. त्या आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना मिळवून घेतले तर आपले काम अडेल, असे पुढाऱ्यांचे म्हणणे होते, आणि भामाबाईनेही मान डोलावली होती. पौषच होता. तिने रिवाजाप्रमाणे भिंतीवर तळहात ठेवला. सगळे 'थंड हाय' ऐकायला थांबले. ती म्हणाली, "ऊन हाय." कुणीतरी हसून म्हणाले, "मावशी, तुमचाच हात गरम असन." तिने हात काढून स्वतःच्या गालाला लावला, पुन्हा भिंतीला लावला, आणि चौकटीतून बाहेर गेली. कडुनिंबाखाली ठेक्यावरच्या अकरा बाया हातात झाडू धरून उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या होत्या. कुणी बोलावेल, या आशेने.

हे सांगताना ती चौकटीतून दिसणाऱ्या त्या कडुनिंबाकडे बोट दाखवते.

आजही सरकीघरात पाहुणे आले की ती त्यांना एकेकाला भिंतीवर हात ठेवायला लावते. प्रत्येक जण ठेवतो, थंड आहे म्हणतो आणि सुटल्यासारखा बाजूला होतो. शेवटी ती स्वतः ठेवते. पुष्कळ वेळ ठेवते. मग कवाडे नसलेल्या त्या चौकटीकडे बघून मोठ्याने विचारते, "बाहीर कोन राह्यलं?" आणि कुणीतरी जाऊन बघून येईपर्यंत ती हात काढत नाही.